आरती आधी, गोष्ट मागून

या, अशा पुढं सरकून बसा. कीर्तनात खांबाला टेकून बसणाऱ्यांचा अर्धा जीव बाहेर काढलेल्या चपलांत असतो, तसं नको. जवळ बसलात म्हणजे मलाही आवाज चढवावा लागणार नाही. एक गोष्ट सांगते. हिच्यात देव आहे, पण तो जरा उशिरा येतो. तोवर आपण बसची वाट बघू.

त्या संध्याकाळी मी बसचीच वाट बघत होते. माघ महिना, माळावरचं कोरडं वारं, आणि माळवाडीचा शेवटचा थांबा. थांबा म्हणजे काय, एक लोखंडी खांब आणि त्याच्यावर गंजलेला सातचा आकडा. खालच्या वळणावर धूळ उठली की सात नंबर आली समजायचं. धूळ उठत नव्हती.

माझ्याबरोबर शेजारची हिराबाई उभी होती. तिची सून दवाखान्यात बाळंत झालेली, तिच्यासाठी डबा घेऊन निघालेली. तिनं बराच वेळ वाट बघितली आणि पदर खोचला.

"मी जाते गं चालत," ती म्हणाली. "तुझी सात नंबर आज देवळातच मुक्कामाला दिसतीय."

"अगं, खाणीजवळनं एकटी जाणार?"

"एकटी कुठं? डबा आहे की बरोबर. कुत्री येतील सोबतीला."

ती उतरून गेली आणि मी तशीच खांबापाशी राहिले. मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी मावशी म्हणून कामाला होते, रात्रपाळीला. नोकरी कच्ची, कधीही 'उद्यापासून येऊ नको' म्हणतील अशी. पण ह्यांची सूतगिरणी बंद पडल्यापासून घरातली चूल तिच्यावरच पेटत होती. टमटमवाले माळावर यायचे नाहीत, वरून परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. म्हणजे सात नंबर होती तर मी होते. स्टेशनावरून निघायची, बाजारातून पेठेतल्या विठोबाच्या देवळापाशी, मग दवाखाना, मग चढ चढून आमची माळवाडी. तिथं वळायची आणि त्याच वाटेनं खाली.

धूळ उठली. गाडी आली ती खचाखच भरलेली, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर बुक्का. त्यांच्यात माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"हात पुढं कर," पायरीवरूनच त्या म्हणाल्या. "प्रसाद आहे."

"आत्याबाई, मला उशीर झालाय हो."

"देवाच्या दारी कसला उशीर? अगं, काय रंगलं आज अक्कांचं! नुसता पूर्वरंगच इतका वेळ चालला. आणि लोंढेमामा बिचारे दारात हात जोडून उभे. आरती होईपर्यंत गाडी हलवली नाही त्यांनी. देवमाणूस आहे, देवमाणूस!"

देवमाणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होता. मिशा पांढऱ्या, कपाळाला बुक्का, आरशाला झेंडूची माळ. "चला मावशी, विठ्ठल विठ्ठल म्हणा आणि चढा."

मी चढले. रागावणार कुणावर? गावाकडं माझे वडील बुवांच्या मागं झांज घेऊन उभे राहायचे. मला झोप लागायची ती त्या झांजेच्या आवाजावर. ड्यूटी नसती तर अक्कांच्या कीर्तनात पहिल्या रांगेत मीच बसले असते, आत्याबाईंच्याही पुढं.

अक्का म्हणजे यमुनाक्का टाकळीकर. दर माघात पेठेतल्या देवळात त्यांचा सप्ताह असायचा, दुपारी चारला सुरू. निदान कागदावर तरी चार.

त्या वर्षी गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागं एक कागद चिकटवला होता. उत्पन्न कमी असल्यानं या मार्गाचा फेरविचार चालू आहे, असं काहीतरी. आमचे कंडक्टर सुरवसे त्याचा साधा अर्थ सांगायचे, "महिनाअखेर सात नंबर बंद." माळवाडीत एकच कल्लोळ झाला. तेव्हा आत्याबाई आणि त्यांच्या कीर्तनातल्या बायकांनीच तोड काढली होती. अक्कांचा सप्ताह आहे ना? सगळ्यांनी जाता-येता सात नंबरच धरायची. गाडी अशी भरायची की साहेबांचे डोळे विस्फारले पाहिजेत. आणि मामांना सांगून ठेवायचं, आरती झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, म्हणजे एकसुद्धा माणूस सुटायचा नाही. सगळ्यांना पटलं. मामांना तर फारच पटलं. त्यांना देवाची सेवाही घडत होती आणि गाडीचीही.

तर ही अशी आमची गाडी. वर येताना भरलेली, खाली जाताना रिकामी. त्या दिवशी माझ्याशिवाय गाडीत एकच माणूस होता, मागच्या बाकावर. येताना दवाखान्यापाशी चढलेला, पन्नाशीचा, पांढरा शर्ट, एक पाय लांब करून बसलेला. गुडघा दुखत असावा. तो उठून लंगडत माझ्या पुढच्या बाकावर आला.

"मी अत्तार. डेपोतून आलोय, वाहतूक निरीक्षक. मावशी, रोज याच गाडीनं जाता?"

"हिच्याशिवाय दुसरी कुठली आहे, साहेब?"

"वेळेवर येते?"

सुरवसे एकदम खिडकीबाहेरचा डोंगर बघायला लागले. आरशात मला लोंढेमामांचे डोळे दिसले.

"येते," मी म्हटलं. "म्हणजे... येते."

अत्तारसाहेब हसले. "हे उत्तर आमच्या डेपोत देतात. तुम्ही कुठं शिकलात?" मग त्यांनी गुडघा चोळला. "हे बघा, मी कुणाच्या वाईटावर नाही. बसच्या तिकिटावर बस कधीच चालत नाही. दरवर्षी तोटा होतो आणि कॉर्पोरेशन तो भरून देतं. यंदा त्यांनी हात आखडलाय. गाड्या जुन्याच, डिझेल महाग. कुठली तरी गाडी बंद करायची आहे. मला सांगितलंय, जिच्यावाचून लोकांचं अडत नाही ती शोधून काढा."

"आमचं अडतं, साहेब."

"तुमचं एकटीचं." ते हे दुष्टपणानं म्हणाले नाहीत. "दवाखान्याच्या थांब्यावर दिवसपाळी सुटते. नर्सा, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, केवढी माणसं! आणि या गाडीत एक चढत नाही. सगळी टमटममध्ये कोंबून जातात. देवळापाशी तेवढी झुंबड उडते. पण सप्ताह चार दिवसांत संपेल. सप्ताहावर वर्षभर गाडी चालवता येत नाही, मावशी. दवाखान्याची माणसं का चढत नाहीत, हे कोडं मला सुटत नाहीये. तुम्हाला माहीत आहे का काही?"

मला माहीत होतं. दवाखान्याच्या थांब्यावर माणसं आधी उभी राहायची. सप्ताह तर सप्ताह, पण देवळात एकादशी असो, प्रवचन असो, मामांची गाडी तिथं थांबायचीच. थांब्यावरची माणसं घड्याळ बघायची, पुन्हा बघायची, आणि एके दिवशी त्यांनी वाट बघणं सोडून दिलं. एकदा विश्वास उडाल्यावर गाडी आली काय आणि न आली काय.

हे सगळं माझ्या ओठावर होतं. पण ते तोंडातून निघालं असतं तर लोंढेमामा गेले असते. वेळापत्रक सोडून गाडी उभी करायची म्हणजे सस्पेंड. रिटायर व्हायला आलेला माणूस. आणि नाही बोलले तर सात नंबर जाणार, आणि तिच्याबरोबर मी. मी डब्याच्या पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"नाही, साहेब," मी म्हटलं.

साहेब मागं जाऊन बसल्यावर सुरवसे हळूच माझ्यापाशी आले. "मावशी, खरं सांगू? आमच्या गाडीला ड्रायव्हर दोन आहेत. एक लोंढेमामा आणि एक विठोबा. स्टिअरिंग मामांच्या हातात, पण ब्रेक विठोबाच्या पायाखाली." पण हसले नाहीत ते.

वॉर्डाच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "द्वारका," त्या म्हणाल्या, "उद्या तुझी सुट्टी आहे. परवा वेळेवर आलीस तर ये. नाहीतर येऊच नकोस. बाळंतिणी तुझ्या बससाठी थांबत नाहीत गं."

सकाळी ड्यूटी संपल्यावर मी घरी गेले नाही. पाय देवळाकडं वळले. आत जाऊन विठोबासमोर उभी राहिले, पण त्याला काय सांगणार? त्याच्यासाठीच तर गाडी थांबत होती.

अक्का ओवरीत ऊन खात बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, जाडसर, तोंडात ज्येष्ठमधाची कांडी. बसल्या की दमेकरी म्हातारी वाटायच्या. उभ्या राहून चिपळ्या हातात घेतल्या की मात्र त्यांचं वय सांगता यायचं नाही.

"पाया पडते, अक्का."

"पड, पण लवकर ऊठ. पाया पडणाऱ्या बायका खाली वाकून सगळं गाऱ्हाणं जुळवत बसतात. काय झालं?"

"अक्का, तुमचं कीर्तन... जरा लवकर आटोपता येईल का?"

पलीकडं पेटीवाले सूर लावून बघत होते, त्यांचा भाता तसाच उघडा राहिला. अक्कांनी तोंडातली कांडी काढली.

"आवडत नाही होय तुला?"

"आवडतं हो. आवडतं म्हणून तर..." आणि मला रडूच फुटलं. रडतारडता मी सगळं सांगितलं. वळणावरची धूळ, सिस्टर, अत्तारसाहेब, मामा.

"थांब, थांब," अक्का मध्येच म्हणाल्या. "लोंढे थांबतो म्हणजे? त्याची गाडी इथपर्यंतच नसते का?"

"नसते, अक्का. तिला दवाखान्यावरून माळावर यायचं असतं."

"मग तो आरतीला दारात उभा असतो तेव्हा?"

"तेव्हा आत माणसं बसलेली असतात. दवाखान्यापाशी माणसं उभी असतात. माळावर मी असते."

अक्कांनी कांडी बाजूला ठेवली. उन्हात वाळत घातलेल्या शेल्याचं टोक त्यांनी हातात धरलं, सोडलं.

"आणि मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "बघा, ड्रायव्हर माणूस, दिवसभर राबून घरी न जाता माझ्या आरतीला येतो. काल मी त्याला सगळ्यांसमोर नारळ दिला गं!" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता खोकला लागला. मी पाणी दिलं.

"लवकर सुरू केलं तर?" मी विचारलं.

"कुणासाठी? चार म्हटलं की लोक साडेचारला येतात, साडेतीन म्हटलं तरी साडेचारलाच येतील. आणि आरती झाल्याशिवाय उठायचं नाही, ही रीत मीच शिकवलीय त्यांना. मध्येच उठणाऱ्याला मी नावानं हाक मारून बसवते." त्यांनी कांडी पुन्हा तोंडात टाकली. "तुझी आज सुट्टी ना? संध्याकाळी ये. पुढं बस. आणि कुणाला काही बोलू नकोस. सासूला तर मुळीच नको."

संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याबाईंनी माझ्यासाठी कोपर ताणून वीतभर जागा राखली होती. "आज आलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आज अक्कांनी स्वतः रचलेलं आख्यान आहे. भिवा नावाड्याचं."

नमन झालं, पूर्वरंग झाला, अक्कांना हार घातला, बुक्का लावला. मग त्यांनी पदर खोचला, चिपळ्या वाजवल्या आणि आख्यान सुरू झालं. ते कधी कुठं छापलेलं नाही, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगते.

भिवा हा एक गरीब नावाडी. आयुष्यभर माणसांना नदीपार नेली, पण मनात एकच हौस, एकदा देवानं माझ्या नावेत बसावं. एके रात्री स्वप्नात देव म्हणाला, उद्या येतो. कुठल्या रूपात ते मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भिवानं नाव धुतली, फुलं बांधली. आणि संध्याकाळी अलीकडच्या काठावर साधूंचा मेळाच उतरला! टाळ, मृदंग, भजन. भिवाला खात्री पटली, देव यांच्यातच आहे. नाव दोरीला बांधून तो हात जोडून उभा राहिला. भजन संपू दे, मग सगळ्यांना बसवून नेतो.

आणि इथं अक्कांनी आवाज एकदम उतरवला. "तेवढ्यात पलीकडच्या काठावरून हाक आली. ओ नावाडी... नाव आणतोस का?"

भिवा म्हणाला, थांब रे बाबा, इकडं भजन चाललंय. पुन्हा हाक आली. भिवा म्हणाला, आलो, आलो, अजून आरती व्हायची आहे. अक्का ती हाक लांबवून लांबवून गायल्या. माझ्या डोळ्यांसमोर नदी नव्हतीच. गंजलेला खांब होता.

शेवटी भजन आटपलं, साधू नावेत बसले, भिवानं वल्हं मारलं. नाव नदीच्या मधोमध आली आणि पलीकडची हाक बंद झाली. एकदम बंद. मृदंगही थांबला.

"कोण होतं पलीकडं?" अक्कांनी विचारलं. "सांगते. पण आत्ता नाही. आधी आरती."

कुणाला काही कळेना. आत्याबाई तर ताडकन बोलल्या, "अगं अक्का, नाव नदीच्या मध्यावर आणि तू आरती कसली करतेस?"

"करते तर खरं. उठा, आत्याबाई."

"गोष्टीचा शेवट व्हायचाय!"

"शेवट गाडीत. ज्यांना माळावर जायचंय, दवाखान्याकडं जायचंय, त्यांनी आरती घ्यायची आणि थांब्यावर जाऊन उभं राहायचं. गाडी यायच्या आधी. आपण गाडीची वाट बघायची, गाडीनं आपली नाही. चला, घ्या म्हणायला."

देवळाचे पंच भालेराव कुरकुरले, "ही काय नवीन रीत? आरतीनंतर कुठं कीर्तन असतं?" पण अक्कांनी चिपळ्या वाजवायला सुरुवातसुद्धा केली होती. आरतीच्या मध्ये कुरकुर कोण करणार? आणि शेवट ऐकायचा तर जायलाच हवं. अख्खं देऊळ बाहेर आलं. पेठेत घर असलेलेही आले.

गाडी आली. लोंढेमामांनी इंजिन चालूच ठेवून सवयीनं दार उघडलं, एक पाय खाली टाकला, हात जोडायला उचलले, आणि बघतात तर देऊळ रिकामं आणि सगळी माणसं समोर थांब्यावर, पुढं अक्का.

"मामा, उतरता कशाला?" अक्का म्हणाल्या. "गाडी कधी सुटणार?"

"तुमची आरती झाली की, अक्का."

"झाली."

मामा बघतच राहिले. मग पाय आत घेतला.

सुरवसे तिकिटं फाडत आले. "अक्का, तुमचं काय तिकीट काढायचं?"

"का? मी काय वाऱ्यावर तरंगतीय? फाड."

मागच्या बाकावर अत्तारसाहेब होते. त्यांनी उठून अक्कांना जागा दिली, पण अक्का दांडी धरून उभ्याच राहिल्या. लोक ओरडत होते, "अक्का, पुढं सांगा!"

"सांगते की. भिवा अजून नदीत आहे, मी एवढ्यात कशी पोचवू त्याला? माळावर सांगते."

दवाखान्याचा थांबा आला. टमटमसमोर झोंबाझोंबी चालली होती. आमच्या गाडीकडं कुणी बघितलंही नाही. फक्त एका तरुण नर्सनं मनगटावरचं घड्याळ बघितलं, गाडीकडं बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. आणि चढली; माळावरून वळून हीच गाडी खाली पेठेत जायची. "आज काय झालं?" तिनं सुरवशांना विचारलं.

"आज?" सुरवसे म्हणाले. "आज ब्रेक ड्रायव्हरच्या पायाखाली आहे."

गाडी चढ चढली. वळणावर धूळ उठली असेल, पण आता मी ती आतून बघत होते. थांब्यावर एकटी हिराबाई होती, डबा घेऊन. ती गाडीची वाट बघत नव्हती. चालायला निघण्याआधी पदर खोचत होती. गाडी समोर येऊन उभी राहिली तसं तिचं तोंड उघडंच राहिलं.

अक्का सगळ्यांच्या आधी उतरल्या. माणसं पाठोपाठ उतरली आणि त्या खांबाभोवती गोळा झाली. आता टाळ नव्हते, मृदंग नव्हता. अक्का साध्या आवाजात बोलल्या, दमत दमत.

"भिवा पलीकडं पोचला तेव्हा काठावर कुणी नव्हतं. वाळूत फक्त दोन पावलं होती. शेजारी शेजारी, विटेएवढ्या जागेत. उभं राहून राहून खोल रुतलेली. त्यांत पाणी साचलं होतं."

मग अक्कांनी कमरेची बुक्क्याची डबी काढली, हिराबाईपाशी गेल्या आणि तिच्या कपाळाला बुक्का लावला. "माझ्या भिवाला उशीर झाला," त्या म्हणाल्या. "आपल्याला झाला नाही." आणि खाली वाकून त्यांनी हिराबाईच्या पायांना हात लावला.

"अगं बाई, अक्का, मला कशाला? मी तर डबा घेऊन निघालीय!" हिराबाई मागं सरकली. लोक हसले, आणि हसतानाच कुणी कुणी डोळे पुसले.

मामा गाडीतच होते. स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मग खांबाकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"तू रोज इथंच उभी असायचीस?"

"हो."

"मला सांगायचं तरी होतंस गं."

"काय सांगायचं, आत्याबाई? देवळातून उठा म्हणून?"

त्या जवळ आल्या. पदराच्या गाठीतली खडीसाखर काढली आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

अत्तारसाहेब लंगडत अक्कांपाशी आले. "अक्का, तुमच्या भिवाचं नाव मी कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "पण गाडी उद्याही या वेळेला इथं दिसली पाहिजे. आणि परवाही. एका दिवसाची गाडी मला वर दाखवता येत नाही." मग माझ्याकडं वळले. "मावशी, कोडं सुटलं. तुम्ही सांगितलं नाही हे बरं केलंत. मला मग लिहावं लागलं असतं."

गाडी तिथंच वळली. हिराबाई चढली, अक्का चढल्या, आणि पेठेतले लोक पुन्हा तिकीट काढून खाली गेले. दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधी वॉर्डात होते. सिस्टरांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मान हलवली.

सप्ताहाचे उरलेले दिवस अक्कांनी प्रत्येक गोष्ट मध्यावर तोडली आणि शेवट गाडीत सांगितला. पण गाडी वाचली ती त्यानं नाही. सप्ताह संपला, अक्का टाकळीला गेल्या, आणि सात नंबर रोज वेळेवर यायला लागली, एवढंच झालं. त्यात रंगण्यासारखं काही नव्हतं. ती नर्स आली, तिनं मैत्रिणीला आणलं, मग वॉर्डबॉय आले. उन्हाळ्यापर्यंत मोठ्या सिस्टरसुद्धा खिडकीजवळची जागा धरून बसायला लागल्या. अत्तारसाहेबांनी वरती भांडून आधी मुदत वाढवून आणली, मग दवाखान्याच्या माणसांसाठी पास सुरू केले. ड्रायव्हरमागचा कागद एके दिवशी अर्धा फाटला आणि पुन्हा कुणी चिकटवला नाही.

लोंढेमामांना त्यानंतर आरती मिळाली नाही. देवळापाशी ते स्टिअरिंगवरूनच एक हात छातीला लावायचे, सुरवसे दोनदा घंटी ओढायचे, आणि गाडी सुटायची. रिटायर झाले त्या वर्षी माघात मामा देवळात सगळ्यात आधी येऊन बसले, चारच्या ठोक्याला, एकटेच. नमनापासून आरतीपर्यंत पूर्ण कीर्तन ऐकलं. अक्कांच्या पाया पडले तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं नुसता शेवट ऐकत आलो, अक्का. सुरुवातीला इतकं काही असतं हे माहीतच नव्हतं."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्याबाईही गेल्या. मी रिटायर झाले. माळावर आता सात नंबरच्या गाड्या वाढल्यात, नवीन, बसक्या पायरीच्या. थांब्याला छप्परही झालंय. पण माघातल्या सप्ताहात पेठेतल्या देवळात आजही आरती आधी आणि गोष्ट मागून. गाडीत शेवट कोण सांगतं? जिला येतो ती. मागच्या वर्षी मी सांगितला.

तर तुमच्याकडं एक मागणं आहे. कधी आमच्या गावी आलात, सात नंबरात बसलात, आणि गाडी देवळापाशी न रेंगाळता निघाली, तर मनातल्या मनात एकदा नाव घ्या, यमुनाक्का टाकळीकर. हात जोडायची गरज नाही. हातांनी दांडी घट्ट धरा. गाडी सुटलेली असते.